तीट लावलेला लॅपटॉप

तुम्ही हसाल, पण आमच्या मेहरूण भागातल्या घरात सायबर सुरक्षा काजळाच्या डबीत असते.

परवा दुपारी मी लॅपटॉपवर काम करत होते आणि बाळ मागे पाळण्यात झोपलं होतं. अचानक स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकायला लागला आणि कॅमेऱ्याशेजारचा दिवा पेटला. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई, त्यामुळे शिक्षणाला जागून जोरात किंचाळले, "कोणीतरी बाळाला बघतंय!" आणि पाळण्याच्या आड हात पसरून उभी राहिले.

सासूबाई शिंदखेड्याकडच्या. त्यांनी काजळाचं बोट थेट कॅमेऱ्यावर टेकवलं. "नजर आठेनच ई राहिनी ना? मंग तीट बी आठेच!"

नजर इथूनच येते, तर तीटही इथेच! मी कपाळाला हात लावला.

दुरुस्तीवाल्या दादांनी आल्याआल्या इंटरनेट तोडलं. "ताई, यात कोणीतरी चोरदरवाजा ठेवलाय. बाहेर बसून तो तुमचा लॅपटॉप चालवतो."

दरवाजा आला होता आमच्या ह्यांनी फोटो उजळ करायला फुकटात उतरवलेल्या सॉफ्टवेअरमधून. घर उजळलंच म्हणायचं.

दादांनी ते मुळासकट काढलं, सगळे पासवर्ड बदलायला लावले आणि चोराने टिपलेल्या फोटोंच्या लॅपटॉपमध्ये राहिलेल्या प्रती शोधून उघडल्या. "बाळाचा एकही नाही, ताई. सुरुवातीला तुम्हीच आहात, हात पसरून, आ वासून. मग सगळे काळे."

"म्हणजे माझे फोटो गेले?" मला रडूच फुटलं.

सासूबाईंनी स्क्रीनवरचा माझा आ नीट न्याहाळला.

"गयात ते जाऊ दे व माय. तुले कोन नजर लावस!"