चालत्या माणसाची ऊब

मंडळी, बसलात ना सगळे? त्या खांबाआडच्या आजींना जरा पुढं घ्या — हां! आता एक सवाल टाकतो. माया करावी, की करू नये? बघा, सगळ्या माना हलल्या — करावी! अहो, करावीच. पण किती जाड करावी? आता कशा माना थांबल्या! मायेला जाडी असते का बुवा? असते! आणि ती जाडी चुकली, तर आपण ज्याच्यावर माया करतो तेच माणूस थंडीनं कुडकुडतं. खोटं वाटतं? ऐका तर.

देवरुखात अप्पा शेट्ये म्हणून एक गृहस्थ. धंदा गाद्या-उशांचा. गावातली निम्मी जनता अप्पांच्या कापसावर घोरते! आमचे पेटीवाले सदूभाऊसुद्धा त्यांचंच गिऱ्हाईक असावेत — आत्ताच डोळा लागलाय. अप्पांना एकच अभिमान. म्हणायचे, "ऊब म्हणजे काय ते मला विचारा!"

आणि त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई. शाळेत पीटी शिकवायच्या. जन्मभर काय केलं? तोंडात शिट्टी धरली, पोरींना म्हणाल्या पळा, आणि आपण झाडाखाली उभ्या राहिल्या! पोरी पळत पळत कुठं कुठं गेल्या — कुणी मुंबईला, कुणी दुबईला. बाई झाडाखालीच. सेवानिवृत्त झाल्या, हार-नारळ घेऊन घरी आल्या, नारळ ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, मला हिमालयात जायचंय. बर्फातली खिंड चालून ओलांडायची आहे."

अप्पांच्या हातातला चहा बशीतच राहिला. अहो, कोकणातली बाई! बर्फ कुठं पाहिलेला? मासळीच्या पेटीत!

पण बाईंचा निश्चय पक्का. गावात जाई ढवळे म्हणून एक गिर्यारोहक होती, दरवर्षी एक तुकडी हिमालयात घेऊन जायची. तिच्याकडं नाव घातलं. जाई म्हणाली, "काकू, जरूर या. पण आधी आपल्या घाटवाटेनं सराव करू. सरावात जो टिकेल, त्यालाच खिंडीवर नेणार. तिथं कुणी गारठून आजारी पडलं तर सगळ्यांना मागं फिरावं लागतं." म्हणजे बघा मंडळी, सगळा खेळ त्या सरावावर. बाई टिकल्या तर खिंड, नाहीतर पुन्हा झाड!

इकडं अप्पांना रात्रभर झोप नाही. बायको बर्फात जाणार! थंडी वाजली तर? सर्दी झाली तर? एरवी शांत माणूस, पण दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बसले कामाला. आत-बाहेर पॅराशूटचं कापड, मध्ये ताजा पिंजलेला कापूस, वर गादीला मारतात तसे टाके — एक जॅकेट शिवलं! जॅकेट कसलं, बाह्या लावलेली गादीच ती! जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राही. बाईंच्या अंगात घातलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि म्हणाले, "इंदू, वर पोचेपर्यंत हे काढायचं नाही. माझी शपथ आहे!"

आता सांगा — नाही कशी म्हणणार बाई? नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा बायकोसाठी काही शिवलेलं! आया-बहिणींनो, तुमच्यातल्या किती जणींना मिळालंय? ... नको, हात वर करू नका, इथं पुरुष मंडळी बसलीत.

तर पहिला सराव. पौषातली सकाळ, दाट धुकं. बाई निघाल्या, सगळ्यांच्या पुढं! पण घाटाची चढण ती. पहिल्या वळणावर कपाळ ओलं. दुसऱ्या वळणावर पाठीवरून ओहोळ. जाई मागून ओरडतेय, "काकू, काढा ते जॅकेट!" बाई कशा काढतील? शपथ! आतून भट्टी पेटलेली, तोंड टोमॅटोसारखं लाल, तरी चालल्या आहेत बिचाऱ्या.

आणि पोचल्या माथ्यावर. घाटमाथ्याचा वारा ठाऊक आहे ना? कोकण सोडून देशावर जायची घाई झाल्यासारखा सुटतो! बाई क्षणभर थांबल्या आणि आतला सगळा घाम गार पडला. दात वाजायला लागले — कट् कट् कट् कट्! आमच्या तबलजींनाही एवढी द्रुत लय जमायची नाही!

जाई धावत आली. बाही हातात धरून पिळली. मंडळी, पाणी निथळलं हो! तिनं स्वतःचं जॅकेट बाईंना घातलं आणि म्हणाली, "काकू, डोंगरात अंगावर तीन थर असतात. आतला घाम ओढून घेतो. बाहेरचा वारा-पाऊस अडवतो. आणि मधला? त्यानं ऊब धरायची आणि वाफ सोडायची. दोन्ही! तुमचा मधला थर नुसता धरतोय, सोडत काहीच नाही. कापूस म्हणजे पाण्याचा साठा झालाय. पुढच्या सरावाला हे अंगात दिसलं, तर मी तुम्हाला नेणार नाही."

बाई घरी आल्या. दारात अप्पा उभे! "इंदू, ऊब आली?"

काय बोलणार? त्या डोळ्यांत एवढं कौतुक भरलेलं. बाई म्हणाल्या, "आली हो! भरपूर आली!" ... आणि सटकन् शिंकल्या.

अप्पांचा चेहरा उतरला. "सर्दी? तुला सर्दी झाली? अरे देवा — कापूस कमी पडला!"

हसताय काय? तुम्ही काय वेगळं करता? पोरगं जेवत नाही, कारण पोट भरलंय, तर आई काय करते? अजून एक पोळी वाढते! अप्पांनी टाके उसवले आणि आणखी कापूस भरला. आता बाईंचे हात खाली येईनात. दोन्ही बाजूंनी लांब राहिले, शेतातल्या बुजगावण्यासारखे!

दुसरा सराव. बाईंना कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. जॅकेट पिशवीत घालून न्यावं, वाटेत काढावं, एवढी अक्कल होती त्यांना. पण अप्पा पायथ्यापर्यंत सोडायला आले, हात हलवत उभे राहिले आणि बाईंना चेन उघडवेना. प्रेमाच्या माणसाशी खरं बोलणं किती अवघड असतं, ते त्या चढणीला विचारा! पुन्हा तीच भट्टी, पुन्हा तोच वारा, या खेपेला ओठ निळे. जाईनं त्यांना गरम पाणी पाजलं, कोरडं केलं आणि जड आवाजात सांगितलं, "काकू, माफ करा. या वर्षी नाही."

बाई घरी येऊन कोपऱ्यात बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. नव्या पोरी पुढं जाणार, आपण पुन्हा झाडाखाली. अप्पांनी विचारलं काय झालं. एवढंच म्हणाल्या, "मला नेत नाहीत." का नेत नाहीत, ते नाही सांगितलं.

झालं! अप्पांचा पारा चढला. तडक जाईच्या दारात. "माझ्या बायकोला नेत नाहीस? तिला थंडी वाजली? अगं, माझ्या हातचं जॅकेट आहे ते! ऊब म्हणजे काय ते मला विचार!"

जाई हुशार हो. भांडली नाही. म्हणाली, "अप्पा, उद्या सकाळी तुम्हीच ते घालून आमच्याबरोबर माथ्यावर चला. तुम्हाला ऊब वाटली, तर काकूंना नेते."

"चल!"

मंडळी, बघा ती मिरवणूक! पुढं अप्पा, बाह्या लावलेल्या गादीत. शेजारी इंदुमतीबाई, जाईचं एक पातळ जॅकेट घालून — दिसायला एवढंसं, फुंकलं तर उडेल. अप्पा हसले, "हे काय, पापडाएवढं!" पहिल्या वळणावर अप्पांचं हसू गेलं. दुसऱ्या वळणावर बोलणं गेलं. तिसऱ्यावर म्हणाले, "इंदू... जरा... चेन..." बाई म्हणाल्या, "छे! शपथ आहे ना? वर पोचेपर्यंत काढायचं नाही!"

वा, बाई, वा! संधी मिळाली की सोडतील तर शपथ!

माथा आला. वारा आला. अप्पा उभे राहिले आणि दात सुरू — कट् कट् कट् कट्! थरथरत बायकोकडं बघतात तर बाई चढून येताना घामेजलेल्या, पण आता कोरड्या ठणठणीत! वाफ कापडातून निघून गेली, ऊब आतच राहिली. अप्पांनी तिच्या पाठीला हात लावला, आपल्या पाठीला लावला. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इंदू, दोन्ही वेळा तुझे हे हाल झाले? आणि तू म्हणालीस, ऊब आली?"

"तुम्ही एवढ्या मायेनं शिवलंत. कशी सांगू?"

"अगं, माया गेली खड्ड्यात, मी गोठतोय! आधी हे काढ!"

बाई हसता हसता रडल्या. चेन उघडली, अप्पांना कोरडी शाल गुंडाळली. थोडी धुगधुगी आल्यावर अप्पा म्हणाले, आणि मंडळी, इथं कान द्या! — "चुकलो गं. मी जन्मभर झोपलेल्या माणसासाठी ऊब भरली. तू तर चालायला निघालीस."

अहा! झोपलेल्या माणसाची ऊब वेगळी, चालत्या माणसाची ऊब वेगळी! ऊब आणि उबग, दोन शब्द किती शेजारी राहतात बघा. ऊब कोंडली की तिचा उबग व्हायला वेळ लागत नाही. आणि देवाकडं निघालेला माणूस हा चालताच असतो, त्याला गादीत गुंडाळून कसं भागेल?

जाई म्हणाली, "अप्पा, काकूंना नीट मधला थर घेऊन द्या. मी नेते."

मग काय! नवरा-बायको कोल्हापूरच्या दुकानात. अप्पा आता विद्यार्थी झालेले! दुकानदारानं पिसांचं जॅकेट काढलं आणि आपणच म्हणाला, "हे मुक्कामाला बसल्यावर छान. चालताना नको, घामानं भिजलं की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते." दुसरं काढलं, जाड, गुळगुळीत. अप्पांनी कापडाला तोंड लावलं आणि फूऽऽ! पलीकडच्या हाताला वारा लागेना. "नको!" तिसरं — फूऽऽ! "नको!" दुकानदार हैराण. "काका, जॅकेट घेताय की शंख?" शेवटी एक हलकं निघालं, आत विरळ कृत्रिम भरण. फूऽऽ! फुंकर हळूच पलीकडं गेली. अप्पांनी टाके तपासले, भरण एका जागी गोळा होणार नाही ना, ते चाचपलं, बाईंना घालून हात वर करायला लावले. "हे घ्या! आणि इंदू, गरम झालं की काढायचं. माझी शपथ नाही."

बाई गेल्या हो हिमालयात! इकडं अप्पांचा जीव फोनपाशी. दर चढणीला विचारावंसं वाटे, घातलंस का, काढलंस का, जेवलीस का. फोन उचलायचे, ठेवायचे. फार कठीण गेलं त्यांना. पण केला नाही. मग एके दिवशी दुपारी फोन वाजला. "अहो! ओलांडली खिंड! घाम आला आणि गेला. वारा आला आणि बाहेरच राहिला. आणि बर्फ — अहो, बर्फाला मासळीचा वास नसतो हो!"

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. एवढंच म्हणाले, "चाल तू. मी इथंच आहे."

मंडळी, याच्याहून मोठी माया कुठली? आता तुमच्याकडं वळतो, खाली बघू नका! त्या बाई, तुमचा मुलगा शिकायला पुण्याला ना? सकाळपासून किती फोन झाले? आणि काका तुम्ही — सुनेला माहेरी जाऊ देता, पण परतायची गाडी आधीच ठरवून! घरी गेल्यावर आपापल्या मायेला तोंड लावा आणि फुंकून बघा. पलीकडच्या माणसाला वारा लागतो का? लागत नसेल तर टाके उसवा आणि थोडा कापूस काढा. ज्याचं माणूस चालायला निघालंय, त्यानं एवढं करावंच.

चला, आता भजन. उचला टाळ! ... अहो, पुढचे! टाळ मुठीत आवळून काय धरलाय? वाजेल कसा? फक्त दोरी धरा आणि टाळ मोकळा सोडा. हां! ऐकलात कसा बोलला? आता म्हणा त्याच्याबरोबर — हरी, हरी!