कौतिकशेठच्या वखारीचा वास

हितेंद्र : हा वखारीचा वास? चारुलता मॅडम, शाळेच्या फाटकाबाहेर बरणीत मिळायची ना केळ्याची गोळी, तिचा वास आहे हा. तीन महिने प्रयोगशाळेत बसून तुम्ही गोळी काढलीत?

चारुलता : ही पहिली बाटली आहे, हितेंद्रभाऊ. पुस्तकात केळ्याचा म्हणून जो वास दिलेला असतो, तो हा. तुमचं एवढ्यावर भागतं का, ते मला बघायचं होतं.

हितेंद्र : चार पिढ्या केळी लावतोय आम्ही. म्हणे आमचं भागतं का! आई, तू घे बरं. ही कागदाची पट्टी नाकाशी धर.

बेबाबाई : धरली. न्हाणीतल्या साबनाचा वास येऊन राह्यला. हितू, रविवारी पाव्हणे तुहे केळी पिकवाचे नवीन चेंबर पाहाले येऊन राह्यले का हुंगाले?

हितेंद्र : दोन्हीला. दारातून आत शिरलं की आधी दादांच्या असोद्याच्या जुन्या वखारीचा वास, मग चेंबर. मध्ये भिंतीवर पाटी. 'कौतिकशेठची वखार. चाळीस वर्षं फक्त गोवरीच्या धुरीनं पिकवलेली केळी. कार्बाइड कधीच नाही.' दुबईचे खरेदीदार येताहेत. पाटी कोणीही रंगवतं. वास आला की माणसाला पटतं.

चारुलता : पाटी लागली?

हितेंद्र : सकाळीच. आणि पाटीखाली एक खुर्ची. तिच्यावर तुझे बाबा बसतील, धोतर-टोपी घालून. वखारीतला जुना माणूस. धुरी कशी द्यायचे ते सांगतील पाव्हण्यांना.

चारुलता : बाबा येणार नाहीत.

हितेंद्र : का? वना अजून रुसलाय? वरातीत पिऊन फटाका उडवायला गेला, स्वतःचा डोळा घालवला, आणि रुसलाय आमच्यावर!

चारुलता : फटाका नव्हता. तुमच्या वखारीत कार्बाइडच्या डब्यात ओल गेली होती. बाबांनी झाकण काढलं. शेजारी तुमच्या धुरीचे निखारे होते. भडका उडाला. तेवीस वर्षं ते हेच सांगतात.

हितेंद्र : आणि तेवीस वर्षं असोदा गाव हसतंय. फटाक्या म्हणतात त्याला, ठाऊक आहे ना?

चारुलता : मला शाळेत फटाक्याची पोरगी म्हणायचे. ठाऊक आहे.

हितेंद्र : मग? पुण्याचे अत्तरवाले सोडून तुला काम दिलं ते त्याच्याकडे बघून. आता तेच जुनं दळण दळू नको. दुसरी बाटली काढ.

चारुलता : घ्या. अक्का, तुम्हीही घ्या.

बेबाबाई : हं. धूर आहे. गोवरी आहे. वाळली पानं बी आहेत. पन ही कोनाचीही वखार झाली, पोरी. पहूरची म्हन, नशिराबादची म्हन.

हितेंद्र : बरोबर. यात दादा नाहीत. तू एमएस्सी झालीस, फ्रान्समध्ये अत्तरांचा कोर्स केलास, आणि एका वखारीचा वास काढता येईना तुला? तिथंच तर खेळायचीस की, बापाचा डबा घेऊन यायचीस तेव्हा.

चारुलता : म्हणूनच तिसरी केली.

(हितेंद्र तिसरी पट्टी नाकाशी धरतो. बराच वेळ खाली घेत नाही.)

हितेंद्र : थांब. हे. हेच! आई, मी लुनावर पुढे उभा असायचो, दादांच्या बाह्या दोन्ही बाजूंनी. त्या बाह्यांना हाच वास. अगदी हाच. हरलो, मॅडम. लिहून देतो, आमच्या वखारीचा वास तो हाच. काय घातलंस यात?

चारुलता : दुसरीत आहे तेच सगळं. वर गंधकाचं एक संयुग, हजारात एक थेंब. लसणासारखा वास असतो त्याला.

हितेंद्र : लसूण? वखारीत कुठला लसूण?

चारुलता : लसूण नाही. कार्बाइडच्या पुडीला ओल लागली की गॅस सुटतो, त्यानं केळी पिकतात. त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. कार्बाइडमधल्या अशुद्धीमुळे असा लसणासारखा येतो.

हितेंद्र : तू मुद्दाम केलंस.

चारुलता : हो. आधी सांगितलं असतं तर तुम्ही पाटीकडे बघून वास घेतला असता.

हितेंद्र : हे बघ, एका कागदाच्या पट्टीनं काही सिद्ध होत नाही. लसूण कोणाच्या घरात नसतो? दादा जेवून उठायचे, हात बाहीला लागायचा. झालं! तेच माझ्या डोक्यात राहिलं.

बेबाबाई : हितू.

हितेंद्र : तू मध्ये बोलू नको, आई.

बेबाबाई : तुही आजी स्वामीनारायणाची. ती होती तोवर कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत आला नही. तू कोन्या घरात जेवत व्हता?

हितेंद्र : बाहेर खात असतील दादा.

बेबाबाई : सासूबाईले बी तेच वाटे. हा बाहेर लसनाची चटणी खाऊन येतो अन् सून झाकते, म्हने. दोन वर्षं बोलनं खाल्लं मी. शेठचा शर्ट मागच्या मोरीवर सोड्यात भिजू घालत व्हती, तिच्या नाकाले लागू नये म्हनून.

चारुलता : अक्का, तुम्हाला माहीत होतं?

बेबाबाई : इचारलं व्हतं मी शेठले. म्हने, घडात कार्बाइडच्या पुड्या ठेवतो, धुरीनं पिके तोवर बाजार थांबत नही.

चारुलता : आणि बाबांच्या डोळ्याचं?

बेबाबाई : माह्याच ओट्यावर आनलं व्हतं त्याले. डोये मीच धुतले. त्याच्या केसात, हातात, बठ्ठा हाच वास. दुसऱ्या दिवशी शेठ गावात फटाका म्हनले. मी बी फटाका म्हटलं.

चारुलता : बाबांना मी विचारलं होतं, तुमचे डोळे कोणी धुतले? त्या माणसाला तरी खरं काय ते विचारू या. आठवत नाही, म्हणाले.

बेबाबाई : आठवत नही म्हने?

चारुलता : दर वेळी. तुमचं नाव कधीच घेतलं नाही.

हितेंद्र : झालं दोघींचं? रविवारी खरेदीदार येताहेत. पाटी राहणार. ही बाटली फोडून टाक. पहिलीच लाव, साबणाची.

चारुलता : लावते. त्या पाटीखाली तीच शोभेल. पण ही फोडणार नाही. तुम्ही हिला ओळखलंत, आता ही मी बाबांसाठी घरी नेते.

हितेंद्र : ने. वनाला हुंगायला दे. तुझ्यासारखी शिकलेली माणसं बाटल्यांतच सुख मानतात.

बेबाबाई : अन् तुह्यासारखी पाटीत. चाळीस वर्षं तुह्या बापाले घाबरली, ते समजत व्हतं. तुले काह्यले घाबरू? पोरी, वना दुपारचा घरी असतो?

चारुलता : असतात. ओट्यावर बसलेले असतात. शेजारीपाजारीही असतात.

बेबाबाई : असू दे. ते असले तं बरंच. फटाका नव्हता, हे त्यायच्या बी कानावर जाऊ दे.

हितेंद्र : आई, तू कुठंही जाणार नाहीस.

चारुलता : मी त्यांना काय सांगू, अक्का?

बेबाबाई : सांग, बेबाबाई येऊन राह्यली. अन् म्हन, चहा मांडू नको, पाव्हणी म्हनून येत नही मी.