साहेबांच्या देखरेखीखाली

— नाही हो ताई, मुलाखतीच्या दिवशी नाही सुरू झालं ते. त्याच्या कितीतरी आधी. दुपारचे पावणेचार. घड्याळ मला पक्कं आठवतंय, कारण आमची ठमी तेव्हाच कुठे झोपली होती आणि फोन वाजला तशी मी करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला — मनातल्या मनात. आणि फोन कुणाचा, तर डॉक्टरसाहेबांचा! ह्यांच्या पलटणीतले डॉक्टर. हे गादीवर आडवे पडले होते, ते ताडकन उठून उभे, टाचा जुळवून. मी म्हटलं, अहो, ते काय फोनातून बघतायत होय? पण सवय ती सवय.

बसा ना, उभ्या का? ठमे, सरक, मावशीला बसू दे. कॉलेजच्या ऑफिसची खिडकी उघडायला अवकाश आहे अजून, इथल्या लोकांची जेवणाची सुट्टी ऐसपैस असते. तुमचे मिस्टर कधी सुटणार फौजेतून? — मग जवळच आलं की. — हो, माहितीपत्रकात लिहिलंय ते मीही वाचलंय. सातवी शिकलेय, अक्षराला अक्षर लावून येतं वाचता. 'सैन्यातील प्रशिक्षण व अनुभव ग्राह्य धरला जाईल.' धरतात ना. धरत नाहीत असं नाही. कसा धरतात ते ऐका.

आमचे हे फौजेत दवाखान्याच्या तुकडीत. बंदुकीपेक्षा सलाईनच जास्त धरलं म्हणायचे. टाके घालायचे, हाड सरळ करून फळी बांधायची, रक्त थांबवायचं — तिकडे डोंगरात दवाखाना म्हणजे एक तंबू, एक डॉक्टर आणि हे. बाहेर आल्यावर मात्र ह्या हातांना कुणी विचारी ना. कुठल्याही इस्पितळात गेलं की तोच प्रश्न, नर्सिंगची पदवी आहे का? नाही. मग वॉर्डात झाडलोट करणार का? तर त्या पावणेचारला डॉक्टरसाहेबांनी काय सांगितलं — मी रिटायर झालो, इथल्या नर्सिंग कॉलेजचा प्रिन्सिपल झालो, तू ये. तुझं फौजेतलं शिक्षण मोजून घेऊ, थेट शेवटच्या वर्षाला बसवतो, वर्षभरात पदवी हातात. वर्षभरात! हे फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, पांढरा कोट घालून तुला दारात सोडायला येईन बघ. सोडायला का आणायला, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. सासूबाईंनी गल्लीभर सांगून टाकलं. आम्ही गाशा गुंडाळला नि इथे आलो — एक खोली, नळ बाहेर, पण वर्षाचा तर प्रश्न, म्हटलं काढू.

मुलाखत त्या समोरच्या खोलीत झाली. मी इथेच, ह्याच बाकावर, आणि उकाड्यामुळे दार अर्धं उघडं. मी काही कान देऊन ऐकत नव्हते — बरं, ऐकत होते. नवऱ्याची मुलाखत बायकोनं नाही ऐकायची तर कुणी? आत तिघं. मध्ये डॉक्टरसाहेब, एका बाजूला विद्यापीठाचा माणूस, तो सारखा पंख्याकडे बघत होता, आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यावाल्या बाई. बाई चांगल्या हो, खोटं कशाला बोलू. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की इथला नियम असा आहे — जे काम तुम्ही स्वतःच्या अंगावर घेऊन, डॉक्टर जवळ नसताना केलं असेल, ते शिक्षण म्हणून मोजता येतं. डॉक्टरांच्या हाताखाली केलं, तर ती नुसती मदत. मग विचारलं, तुम्ही कधी एकट्यानं सांभाळलंय का? आणि मी इकडे बाकावर मनात ओरडतेय, सांगा, सांगा ना, ट्रकचं सांगा! आणि हे काय करतात? हे साहेबांकडे बघतात. साहेब घसा साफ करतात आणि म्हणतात — सगळं माझ्या देखरेखीखाली. मदतनीस म्हणून मात्र उत्तम मुलगा. उत्तम मुलगा! दाढीत पांढरं आलंय ह्यांच्या. बाईंनी परत विचारलं, बरोबर आहे का हे? आणि आमचे हे, ताठ उभे राहून, 'होय साहेब.' विचारलं कुणी? बाईंनी. उत्तर कुणाला? साहेबाला.

— कुठला ट्रक म्हणजे? ट्रकचं बोलले का मी? — ते काही नाही, जाऊ द्या. तसं सगळ्यांच्याच... हे बघा, तुम्ही फौजेतल्याच घरच्या आहात, तुमच्यापाशी राहील. ठमे, जा, त्या मांजराला बिस्कीट दे जा. — वळणावर ट्रक उलटला होता, माणसांनी भरलेला. आणि साहेब तिथे नव्हतेच! मेव्हण्याच्या लग्नाला गेले होते, रजा न टाकता, खाली शहरात. हे एकटे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे, एकाला टाके, दुसऱ्याला सलाईन, तिसऱ्याच्या मांडीवर स्वतःचा गुडघा दाबून धरलेला रक्त थांबवायला. एकही गेला नाही त्यातला. पलटणीतला स्वयंपाकी अजून फोन करतो, भावा, तुझ्यामुळे दोन पायांवर आहे म्हणतो. आणि साहेब परत आले, ह्यांना बाजूला घेतलं, आणि म्हणाले, मी इथेच होतो असं सांग, नाहीतर माझी नोकरी जाईल, तुझं मी विसरणार नाही. तर हे सांगून बसले. मग सही साहेबांची, शाबासकी साहेबांना, छातीवर बिल्ला साहेबांच्या. आता मला सांगा, जो माणूस तिथे होता असं कागदावर आहे, तो मुलाखतीत कसा म्हणेल की मी तिथे नव्हतो, ह्यानंच सगळं केलं? नाहीच म्हणणार. मग बोलावलंत कशाला, एवढंच विचारायचंय मला. विसरले नाहीत हे दाखवायला?

ठमीच्या डोक्यावर हात ठेवून ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय, कुणाला बोलायचं नाही म्हणून. आणि मी बघा. चांगलं केलं का वाईट, आता कुणाला ठाऊक.

निकाल? निकाल लागला की! व्यायामाचे सगळे गुण मिळाले. हसू नका — हसा, मीही हसले होते आधी. फौजेतला अनुभव ग्राह्य धरला, तो व्यायाम आणि शिस्त ह्या विषयांत. बाकी पहिल्या वर्षापासून, दिवसभराचं कॉलेज, पहिला धडा प्रथमोपचार. चार वर्षं दिवसभर बाकावर बसायचं तर घरात चूल कशावर पेटणार? ह्यांनी नकार दिला. मग साहेबांनी परत बोलावून घेतलं, दया आली ना त्यांना, म्हणाले, गेटवर एक विश्वासू माणूस हवाच आहे. तुम्ही आत आलात तेव्हा वहीत नाव लिहायला लावलं ते — उंच, मिशीवाले, आवाज बारीक — तेच आमचे हे. रोज गाडी आली की फाटक उघडतात आणि सलाम ठोकतात. काच खाली होते. काय रे, बरं आहे ना? होय साहेब.

मला साहेबाचा राग येतो, पण साहेब परका आहे हो. ह्यांचं काय करू? साहेबाला दिलेला शब्द पाळला, आणि मला दिलेला? पांढऱ्या कोटाचा? परवा ही पोरगी नळापाशी आपटली, भुवई फाटली, रक्ताची धार. मी ओरडले, अहो बघा ना! तर हात पाठीमागे बांधून उभे. म्हणतात, दवाखान्यात ने, मला तो अधिकार नाही. स्वतःच्या पोटच्या पोरीला हात लावायला अधिकार नाही! मी तिला उचलून पळाले आणि हे मागनं चालत आले, चालत. मला तेव्हापासून भीतीच वाटते. माणूस घरात आहे आणि नाहीये. बोलायला गेलं तर होय म्हणतो. कशालाही होय. सासूबाईंनी फोनवर विचारलं, कॉलेज कसं चाललंय, तर त्यांनाही म्हणाले, छान.

— आलेच बघा. इकडेच येतायत. तुम्ही उठा आता, खिडकी उघडली, नंबर लावा. आणि काही बोलू नका, रडक्या तोंडाने तर मुळीच बघू नका त्यांच्याकडे. एवढंच करा — तुमच्या मिस्टरांच्या अंगावर वर्दी आहे तोवर लिहून घ्या, कुठलं काम त्यांच्या हातचं आणि साहेब कुठे होते कुठे नव्हते, सगळं, सहीनिशी. बाहेर पडल्यावर कुणी लिहून देत नाही. तुमच्या वसाहतीतल्या बाकीच्यांनाही कळवा, ज्यांची माणसं दवाखान्यात आहेत, गॅरेजात आहेत, वायरलेसवर आहेत. पण पुरुषांना सांगून उपयोग नाही ताई. बायकांना सांगा.