हुबेहूब

पंच्याण्णव साली वाशीच्या थिएटरात एक रडका कौटुंबिक सिनेमा लागला होता. कॉलेजात साहित्य आणि सिनेमा शिकवणारे दिनानाथ सबनीस बाल्कनीच्या दाराशी रांगेत उभे होते. आई पाणी प्यायला गेली होती, तिचा रुमाल त्यांच्या हातात होता. पुढे मायलेकी होत्या. मुलगी आवाजावरून कळली, त्यांच्याच वर्गातली उत्कर्षा.

“आई, आत रडायचं नाही हं.”

“न्हाई रडायचं? मग आलोय कशाला?”

“हळू बोल गं. सरांनी वर्गात करून दाखवलं, बायका तोंडात पदर धरून कशा रडतात ते. सगळे जाम हसले.”

“तू बी?”

“सगळेच हसत होते ना.”

“तू हसलीस का, ते सांग.”

“हसले. हुबेहूब तू होतीस.”

“मला कुठं बघितलंय त्यांनी?”

“तुला नाही गं…”

“मग त्यांच्या घरातलंच कुणीतरी आसंल. बघितल्याबिगार हुबेहूब कसं जमंल?”

दिनानाथांनी रुमाल खिशात कोंबला. तेवढ्यात मागून आई आली.

“दिनू, रुमाल दे रे माझा. मग अंधारात शोधत बसावं लागतं.”

“पडला वाटतं कुठंतरी.”

“अरे, तुझ्याच हातात दिला होता ना?”

उत्कर्षाने मागे वळून पाहिलं आणि मान खाली घातली. तिची आईही वळली.

“घ्या मावशी, ह्यो माझा घ्या. मला आज रडायला बंदी हाय.”