उजवीकडून बसू देणारा घोडा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, जे न्यायालयातून निवृत्त झाले असले तरी निकाल देण्यातून झालेले नाहीत. व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या अश्वारोहण शाळेचे विश्वस्त. उद्यापासून शाळेची सूत्रं हाती घेणाऱ्या बाई. समोर बसलेले पालक. कडक इस्त्रीच्या गणवेशात हालचाल न करण्याची ताकीद मिळालेले विद्यार्थी. पहिल्या रांगेतल्या माझ्या वहिनी. आणि ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो ते सत्कारमूर्ती, तुमचे मास्तर आणि माझा दादा,

सर्वांना माझा नमस्कार.

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही तसंच सांगितलं होतं, त्यामुळे मी निश्चिंत आहे.

दादावर बोलायला माझ्यापेक्षा योग्य माणसं या सभागृहात आहेत. मी वर्तमानपत्रात लोकांची खोडी काढणारं सदर लिहितो. घोड्यातलं मला इतकंच कळतं की पुढून चावतो, मागून लाथ मारतो आणि मध्ये बसायचं असतं. तरीही माझी निवड झाली, कारण गेल्या काही महिन्यांत दादा घोडा शोधत हिंडत होता आणि गाडी मी चालवत होतो. सारथ्याला भाषणाचा मान देण्याची आपली परंपरा जुनीच आहे.

आधीच्या वक्त्यांनी 'मास्तर निवृत्त होत आहेत' असं म्हटलं. शब्द सुंदर आहे. पण निवृत्तीचं वय व्हायला दादाला अजून अवकाश आहे. तो जातोय, कारण त्याला हवा तो घोडा मिळाला नाही. किंवा मिळाला, म्हणून जातोय. यातलं कोणतं खरं, ते माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही. आपण ठरवा.

पालकांपैकी काहींना माहीत नसेल, घोड्यावर डावीकडून बसतात. डावा पाय रिकिबीत, त्यावर सगळा भार, आणि उजवा पाय वरून पलीकडे. असं का? कुणी म्हणतं, पूर्वी तलवार डाव्या कमरेला असायची म्हणून. दादाला मी विचारलं, तर म्हणाला, "सगळे तसं करतात म्हणून. घोड्यालाही सवय लागते." पण हे 'सगळे करतात' दादाने फार मनावर घेतलं होतं. नवी मुलं गडबडीत कुठूनही चढायला बघतात. म्हणून त्याने शाळेतल्या प्रत्येक घोड्याला एक गोष्ट शिकवून ठेवली. कुणी उजवीकडून चढू लागलं, की घोड्याने पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, बाजूला घ्यायचा. लाथ नाही, चावणं नाही. नुसतं एक पाऊल सरकायचं. मूल अलगद मातीत बसतं. बाकीची मुलं हसतात. दुसऱ्यांदा चूक होत नाही. इथे बसलेल्या किती जणांनी ती माती चाखली आहे? हात वर करू नका, गणवेश चुरगळेल.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना एका सकाळी खोगिरं ठेवायच्या खोलीत दादाच्या हातून लगाम पडला. उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला. इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, डावं अंग गेलं. भाषा बघा आपली. अंग कुठे गेलं नव्हतं, तिथेच पलंगावर पडलेलं होतं. वहिनी ते चोळत होत्या, तेल लावत होत्या, त्याच्याशी बोलत होत्या. मला त्या वेळी काय वाटलं, असं पुष्कळांनी नंतर विचारलं. काही वाटलं नाही. खाली गाडीचा दिवा चालू राहिला होता, तो जाऊन बंद केला आणि परत वर आलो.

पुढे दादा काठी घेऊन चालू लागला. हातही हलायला लागला, पण त्यात जाणीव आली नाही. आणि डावा पाय भार घेईना. म्हणजे रिकिबीचा प्रश्नच मिटला. एका विश्वस्तांनी चौथरा बांधून देण्याची तयारी दाखवली, त्यांचे आभार. पण चौथरा माणसाला उंच करतो, त्याच्या पायात बळ घालत नाही. राहिला उजवा पाय, तो शाबूत होता. दादा म्हणाला, "मग उजवीकडून बसेन. त्यात काय?"

तो शाळेत परत आला ती सकाळ मी पाहिली आहे. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या घोड्याच्या उजव्या बाजूला उभा राहिला, मानेवर थोपटलं, पाय उचलला. घोडा एक पाऊल बाजूला सरकला. दुसऱ्याकडे गेला. तोही सरकला. मग तिसरा. एकेकाने आपल्या गुरूला अगदी अदबीने नकार दिला. मी धरायला होतो म्हणून तो मातीत बसला नाही, एवढंच. ओळीच्या टोकाशी पोचल्यावर काठीवर रेलून म्हणाला, "चांगले शिकलेत."

मी म्हटलं, "आता उलटं शिकव."

"शिकवता येईल. पण धड ना इकडचे ना तिकडचे झालेले घोडे मी मुलांखाली देणार नाही."

यानंतर संस्थेने जे केलं, त्याबद्दल मी जाहीर आभार मानतो. नियम असा आहे की शिकवणाऱ्याला घोड्यावर बसता आलं पाहिजे. नियम चांगलाच आहे. पोहता न येणाऱ्याने पोहणं शिकवू नये. तरी अध्यक्षांनी वार्षिक पाहणीपर्यंत मुदत दिली. शिवाय एक म्हातारी घोडी नुकतीच कामातून काढलेली असल्याने तिच्या जागी एक घोडा घ्यायचा होता. अध्यक्ष दादाला म्हणाले, "मास्तर, निवड तुमची. तुम्हाला सोयीचा पडेल असाच बघा." आणि त्यांनी डोळा मिचकावला. न्यायमूर्तींनी डोळा मिचकावलेला मी आयुष्यात प्रथमच पाहिला. मनात आलं, सरकारी कामं अशी डोळा मिचकावून झाली असती तर माझं सदर केव्हाच बंद पडलं असतं.

आम्ही निघालो. वहिनींनी मला दारात गाठलं. "भाऊजी, त्यांना घोडा हवाय म्हणून नाही सांगत. घरी बसला तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल. मी पाहिलंय ते. मला तसं परत नकोय."

घोडे विकणाऱ्यांबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. ते खोटं बोलत नाहीत. वर्णन करतात. "साहेब, इतका शांत आहे की माझी आई यावरून देवळात जाते." आई कुठे आहे म्हटलं तर वारली. "वय? सात." दात बघितले तर ते सात पंतप्रधान बघितल्यासारखे. दादाची बघण्याची रीत वेगळीच. तो गेल्या गेल्या घोड्याकडे बघतच नाही. स्टूल मागून घेतो, चहा घेतो, तबेल्याच्या दाराचं लाकूड कुठे कुरतडलंय ते बघतो, मालक आत आला की बाकीची जनावरं माना आत घेतात की बाहेर काढतात ते बघतो. घोड्याकडे शेवटी. तोवर निम्म्या मालकांना घाम फुटलेला असतो.

मग परीक्षा. दादाला पडून चालणार नव्हतं. तेव्हा उजवीकडून चढून बघायला कोण? हे वजन, हे पोट, हा चष्मा. मी लोकांना आजवर तोंडघशी पाडत आलो, देवाने त्याची सव्याज परतफेड तबेल्यातबेल्यातून केली. एका ठिकाणी शेणात पडलो, तर दलाल वर म्हणतो, "साहेबांना जरा बसायला शिकवा, घोडा एकदम तयार आहे."

दादा हसला होता. आजारानंतर पहिल्यांदा. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसला.

असे करत करत एका लाकडाच्या वखारीमागच्या तबेल्यात आम्हाला ती तांबडी घोडी मिळाली. मी उजवीकडून चढलो. हलली नाही. उतरलो, परत चढलो, धडपडलो, तिच्या मानेला मिठी मारली. हलली नाही. दादाने तिच्या तोंडासमोर छत्री फाडकन उघडली. पाठीमागे पत्र्याचा डबा आपटायला लावला. पुतळा! दलाल हात चोळत म्हणाला, "मास्तर, तुमच्यासाठीच जन्माला आलीय ही."

मग दादा स्वतः उठला. काठी माझ्याकडे दिली. उजवा पाय रिकिबीत, खोगीर धरलं, आणि तो वर होता. मी खाली काठी धरून उभा. घोड्यावर बसलेला दादा मी लहानपणापासून बघत आलोय; त्यात नवं काही नव्हतं. मी बाजूला जाऊन वहिनींना फोन केला. म्हटलं, "मिळाली."  पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

परत आलो तर दादा उतरलेला. घोडीच्या तोंडाशी उभा राहून तिच्या डोळ्याकडे बघत होता. डोळ्याच्या कडेला माशी बसली होती. माशी फिरत होती, बुबुळाच्या अगदी काठावर. घोडीने पापणी हलवली नाही. कातडी थरथरवली नाही. शेपूट तर नाहीच.

दादाने माशी हाकलली. म्हणाला, "हिला मारून मारून शांत केलंय."

"काय बोलता मास्तर! मारलेलं जनावर हात उचलला की बिचकतं. ही बिचकते का?"

"ही त्याच्याही पुढे गेलीय," दादा म्हणाला. चहाबद्दल आभार मानून गाडीत येऊन बसला.

मी गाडी सुरू केली नाही. म्हटलं, "अरे, पाहणी तोंडावर आलीय. तू बसला होतास तिच्यावर. मी पाहिलं ना!"

"बसलो होतो."

"मग?"

"तिच्यावर शिकलेली मुलं काय शिकतील? की घोड्याला काही वाटत नसतं."

"आणि तुझं काय?"

तेव्हा त्याने उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला, जशी आपण एखादी वस्तू ठेवतो तसा. म्हणाला, "या हातावर माशी बसली तर मला कळत नाही. दोघांपैकी एकाला तरी कळायला पाहिजे."

  मी गाडी सुरू केली.

वहिनींना काय सांगितलं ते सांगत नाही. त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुम्ही बरोबर होतात ना?" म्हटलं, "होतो." म्हणाल्या, "कशाला होतात?"

त्याच आठवड्यात आम्ही करडा घोडा पाहिला. एका विधवा बाईंचा होता, त्यांनी तो घरच्यासारखा वाढवलेला. आम्ही फाटकातून शिरलो तेव्हापासून त्याचे कान आमच्यावर होते. छत्री उघडली तर तो चार पावलं मागे गेला, फुरफुरला, मग थोड्या वेळाने मान लांब करून छत्रीचाच वास घ्यायला आला. डबा आपटला, बिचकला, वळून बघितलं, डबाच आहे असं ठरवलं आणि पुन्हा चारा खाऊ लागला. त्या बाईंच्या लहान नातीला त्याच्यावर बसवलं. ती एका बाजूला कलली की तो त्याच बाजूला सरकून तिच्याखाली यायचा. दादा स्टुलावरून उठून उभा राहिला होता. काठी न घेता.

मी उजव्या बाजूने गेलो. घोडा सरकला. परत गेलो. परत सरकला. तिसऱ्यांदा निघालो तर दादा म्हणाला, "राहू दे. त्याला त्रास नको देऊस."

"दादा, याला शिकवता येईल. हा तर नवा आहे."

"येईल. पण वर्षभर जाईल. पाहणी पुढच्या आठवड्यात आहे. घाईने शिकवलेला घोडा कसा होतो, ते आपण वखारीमागे बघितलं."

"मग कशाला बघतोयस याच्याकडे?"

"शाळेसाठी घोडा बघायला आलोय आपण," दादा म्हणाला. आणि त्या बाईंकडे वळून, "आजी, हा आम्हाला द्याल?"

पुढचं आपल्याला माहीत आहे. पाहणीच्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, एकदा बसून दाखवा, म्हणजे झालं." दादा म्हणाला, "हा मला बसू देणार नाही. मुलांना देईल." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी डोळा मिचकावला नाही. निरोपाचा ठराव एकमताने संमत झाला. खेदही एकमताने व्यक्त झाला. इतिवृत्तात दोन्हींची नोंद आहे.

संस्थेने आज दादाला पितळी घोडा भेट दिला, त्याबद्दल कुटुंबातर्फे आभार. घोडा देखणा आहे. त्याच्यावर कोणत्याही बाजूने चढता येईल.

वहिनी रागावल्या आहेत का, असं मला दारातच एकाने विचारलं. त्या रागावलेल्या नाहीत. त्यांनी घरातली खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली आहे. दादा तिच्यावर बसतो. खिडकीतून काय दिसतं, मी पाहिलेलं नाही. मी हल्ली फार वेळ थांबत नाही.

असो. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मान्यवरांच्या उल्लेखात क्रम चुकला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ती चूक माझी. संस्थेची नव्हे आणि दादाची तर नव्हेच. आपण मोठ्या मनाने पोटात घाला. अध्यक्ष महाशयांनी बोलण्याची संधी दिली आणि मध्ये घंटा वाजवली नाही, याबद्दल त्यांचा ऋणी आहे.

आता एक विनंती, आणि ती सत्कारमूर्तींच्या वतीने आहे. माझं भाषण संपलं की नव्या बाई करड्याला या बाजूच्या दारापर्यंत आणणार आहेत, दादाला भेटवायला. घोडा आत्ता बाहेरच उभा आहे. तो अजून नवा आहे. एकदम मोठा आवाज झाला की बिचकतो.

तेव्हा कृपा करून टाळ्या वाजवू नका. हात मांडीवरच राहू द्या.