आदल्या संध्याकाळचं दळण

लिनिया : बोला ना, बाबा. मघापासून तुम्ही त्या बादलीकडे बघताय आणि मी तुमच्याकडे.

ऑर्विल : बोलायचं काय? चक्की न्यायला आलीस, चक्की ने. दोन आहेत. सून निवड करत असली की सासऱ्याने तोंड उघडू नये, एवढं तुझ्या सासूने मला शिकवून ठेवलंय.

लिनिया : थट्टा नको आज.

ऑर्विल : बरं. ही माझ्या आईची. मका भरडायची. आत दोन लोखंडी पाट, ते एकमेकांवर घासतात. बिअरचे सातू घातलेस तर टरफलासकट चिंध्या करते. आणि ही एमेटची, दोन रुळांमध्ये दाणा चेपणारी. नवऱ्याची ने. प्रश्न मिटला.

लिनिया : त्याचीच नेणार आहे. पण रुळांमधली फट मला त्याची हवी. शेवटची, त्याच्या हातची.

ऑर्विल : ती आता कुठली राहायला? फळीवरून उतरवताना फट आवळायच्या दोन्ही खुंट्या फिरल्या माझ्या हातून.

लिनिया : म्हणून तर बादली उघडा म्हणते. त्याचं शेवटचं दळण आहे तिच्यात. मी नवे सातू आणलेत, ते आपण मूठ मूठ दळू आणि त्याच्या दळणाशी ताडून बघू. जुळेल ती त्याची फट.

ऑर्विल : वर्ष झालं, पोरी. दळलेले सातू पंधरा दिवसांत मरतात. त्याला वास येत असेल. टाकून दे.

लिनिया : मला त्या जुन्या दळणाची बिअर नाही लावायची. नुसतं बघायचंय.

ऑर्विल : आधी कार्डाने लावू. तो कार्डानेच लावायचा.

लिनिया : वाचनालयाचं ना? मी घरभर शोधलं. कुठे सापडलं तुम्हाला?

ऑर्विल : माझ्याकडेच होतं.

लिनिया : सदऱ्याच्या खिशात?

ऑर्विल : मग काय भिंतीला लावू? धर ती बाजू. रुळांमध्ये कार्ड घाल. खुंटी आवळ... आता ओढ.

लिनिया : सहज येतंय.

ऑर्विल : मग अजून आवळ. अडखळत यायला हवं, पण यायला हवं. आता माझी बाजू. दोन्हीकडे सारखं नसलं की एकीकडे पीठ पडतं आणि दुसरीकडून अख्खा दाणा हसत हसत बाहेर येतो. किती वेळा सांगितलं होतं त्याला.

लिनिया : तुम्ही त्याला? तो म्हणायचा, बाबांना रुळांची चक्की म्हणजे बायकी खेळणं वाटतं.

ऑर्विल : वाटायचंच. तीस वर्षं रेल्वेची इंजिनं उघडली मी, आणि हा वाचनालयाचं कार्ड घेऊन फट मोजतोय. आणि मोजायचा कुठे? माझ्या गॅरेजमध्ये. कारण बायकोला घरात सातूचा वास नको.

लिनिया : हो. मीच हाकललं त्याला इथे. आता त्या वासासाठी सगळ्या खिडक्या लावून बसते. टाका मूठभर, मी फिरवते.

ऑर्विल : सावकाश. घाई केलीस तर रूळ दाणा धरत नाहीत.

लिनिया : थांबा, ताटात पसरते... बघा. टरफल कसं अख्खं राहिलंय. आतून रिकामं, पण अख्खं. आणि दाण्याचे तीन-चार तुकडे, बस. पीठ जवळजवळ नाहीच.

ऑर्विल : कुठे शिकलीस हे बघायला?

लिनिया : चुकून. पहिल्या खेपेला फार बारीक दळलं, शेजारच्या रोआल्डच्या चक्कीवर. गरम पाण्यात घातलं तर भांड्यात नुसता चिखल, तोटीतून थेंब उतरेना. रोआल्ड म्हणाला, टरफलं फाडलीस, आता पाणी गाळायचं कोणी? तेव्हापासून दाणा दिसला की मी आधी त्याचं टरफल बघते.

ऑर्विल : एमेटपेक्षा बरी निघालीस. झालं तर मग, लागली फट. ने चक्की. तुझी ब्रिटा शाळेतून येईल.

लिनिया : ब्रिटासाठीच उघडायचीय बादली.

ऑर्विल : तिचं काय?

लिनिया : वर्गातल्या एका मुलीने सांगितलं तिला. म्हणे, तळ्याकाठी वाढलेला माणूस मार्चअखेरच्या विरघळत्या बर्फावर चुकून जात नाही. तुझा बाबा मुद्दाम गेला.

ऑर्विल : कोणाची कार्टी?

लिनिया : ते सोडा. गावात सगळ्यांच्या मनात आहे, ती फक्त बोलली.

ऑर्विल : तळ्यावरच्या बर्फात उभी केलेली मासे धरायची झोपडी काठावर आणायला गेला होता तो, बर्फ फुटला. पोलिसांनीही अपघातच लिहिलाय.

लिनिया : पोलिसांनी लिहिलेलं नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगू? मी तिला तुमचं वाक्य सांगितलं. दफनानंतर चौथ्या दिवशी याच बादलीवर हात ठेवून तुम्ही म्हणाला होतात, 'लिनिया, त्याने सातू दळून ठेवलेत. उद्या बिअर लावायची नसेल तर आदल्या संध्याकाळी कोणी दळत नाही. तो परत येणार होता.' आठवतं?

ऑर्विल : आठवतं.

लिनिया : तेव्हा मला दळणातलं काही कळत नव्हतं. झाकण किलकिलं केलं, वास आला, आणि रडले. पण वर्षभर त्या वाक्यावर मी झोपतेय, बाबा. ब्रिटालाही त्यावरच झोपवते. ती म्हणाली, आपण बाबाची ती राहिलेली बिअर लावू, तशीच. म्हणून आले.

ऑर्विल : लाव की. कार्डाने फट लागलीये, अजून काय हवं? बादली राहू दे.

लिनिया : तुम्ही का घाबरताय?

ऑर्विल : उंदीर असेल आत.

लिनिया : तुमच्या गॅरेजमध्ये? उंदीर तुमची परवानगी घेऊन येतो इथे. सरका... किती घट्ट बसवलंय झाकण.

ऑर्विल : लिनिया.

लिनिया : निघालं. वास गेला की सगळा. कागदासारखा वास येतोय नुसता. ते ताट द्या, त्याच्याशेजारी पसरते.

ऑर्विल : दिवा मंद आहे इथला.

लिनिया : दिसतंय मला. हे... हे पीठ आहे, बाबा.

ऑर्विल : आवळली असेल जास्त. मन ठिकाणावर नसेल त्याचं.

लिनिया : तसं असेल. आवळू या आपण. फिरवा तुमच्याकडची खुंटी. अजून. टाका मूठभर... नाही. हे बघा, पीठ पडलं, पण टरफल चपटं होऊन आलंय. चेपलंय, फाटलं नाही. रूळ चेपतात. बादलीतलं फाटलंय. धागे निघालेत त्याचे.

ऑर्विल : वर्षभरात सुकून फाटलं असेल.

लिनिया : सुकून फाटतं का टरफल?

ऑर्विल : मला काय माहीत? मी बिअर विकत आणून पितो.

लिनिया : आजींची चक्की इकडे घ्या.

ऑर्विल : ती कशाला? तिचा दांडा गंजलाय.

लिनिया : गंजलाय? तेल दिसतंय त्याला. घ्या इकडे.

ऑर्विल : नको, पोरी.

लिनिया : मूठभरच. टाकते मी... फिरतेय चांगली.

ऑर्विल : पुरे आता.

लिनिया : हं. हे बादलीतलं, हे रुळांचं आणि हे आजींच्या चक्कीचं. बघा तुम्ही. तुमची नजर यंत्रांत मुरलेली आहे, तुम्हीच सांगा, कोणतं कोणाशी जुळतं?

ऑर्विल : ताट उचल, पोरी.

लिनिया : एमेटने या चक्कीला आयुष्यात हात लावला नाही. म्हणायचा, हिच्यातून बाहेर पडतं ते सातू नाही, सातूचं भांडण.

ऑर्विल : म्हणायचा खरा.

लिनिया : कधी दळलंत?

ऑर्विल : तू तेव्हा जेवत नव्हतीस. पोरगी पायरीवर बसून राहायची, रस्त्याकडे तोंड करून. घरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

लिनिया : कधी, बाबा?

ऑर्विल : दफनानंतर तिसऱ्या दिवशी.

लिनिया : मग त्याच्या चक्कीवर का नाही दळलंत? तिथेच तर होती, फळीवर. मला आयुष्यभर कळलं नसतं.

ऑर्विल : कार्ड होतं तिच्यात. त्याने घातलेलं, दोन रुळांच्या मध्ये तसंच. ते काढायला हात धजला नाही. काढलं, पण फार पुढे. तोवर तुला सांगून झालं होतं.

लिनिया : मी रागावलेली नाही. ऐकताय ना? माझ्यासाठी कोणी इतकं दळलं नसतं. पण मला एकच गोष्ट सांगा, मग मी कधी विचारणार नाही. तुम्ही दळलंत त्याआधी हे सातू कुठे होते? त्याने मोजून या बादलीत काढून ठेवले होते, उद्यासाठी? की तुम्ही त्याचं बंद पोतं फोडलंत?

ऑर्विल : ब्रिटा येईल आता.

लिनिया : ब्रिटाला नाही सांगणार. मला सांगा. बादलीत होते, की पोत्यात?

(ऑर्विल उठतो. गॅरेजचं दार उघडतं, तळ्यावरची थंडी आत येते. बर्फावर जड बुटांचा आवाज दूर जातो.)

लिनिया : बाबा, कार्ड तुमच्या हातातच राहिलंय... असू द्या. ठेवा तुमच्याकडे.