मिलुतिनचा बास

नाही हो मिस्त्री, बिघडलेलं काहीच नाही, तेच तर मघापासून सांगतोय — चारही स्पीकर चालू आहेत, गाडी विजेवरची, दोन वर्षांची, मुलीने ऑस्ट्रियातून, ग्राट्सहून पाठवली, तिने नवी घेतली म्हणून ही बापाच्या गळ्यात — पण यात वरचं तेवढं ऐकू येतं, खालचं सगळं गायब. ट्रम्पेट कशी खणखणीत येते, आणि बास? बास म्हणजे दाराच्या आत बसून कोणीतरी घसा खाकरतंय. मुलगी म्हणते, बाबा, इंजिनाचा आवाज नाही, किती शांत! अगं, शांत आहे म्हणूनच तर कळतं काय काय नाही ते — जुन्या डिझेलमध्ये निदान इंजिन तरी घुमायचं. हसताय काय? तुम्ही तिसरे आहात. पहिला म्हणाला, हे बेसिक मॉडेल, यात सबवूफर बसत नाही, वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं. मी घेतलं का? मला मिळालं. दुसऱ्याने बॉनेट उघडलं, नारिंगी वायरी बघितल्या आणि चार पावलं मागे — म्हणे हात लावला तर जागेवर भाजून निघेन. अरे, नारिंगीला हात लाव म्हणतंय कोण? बाजूला साधी बारा व्होल्टची बॅटरी आहे, आतले दिवे तिच्यावर चालतात, तिथून घे की करंट. हे माझ्यासारख्या अडुसष्ट वर्षांच्या वाजंत्र्याला कळतं आणि त्याला कळत नाही.

हां, तुम्ही तिथूनच घेताय ना? मध्ये फ्यूज टाकून? बरं, मग मी गप्प बसतो. फक्त साडेचारच्या आत व्हायला हवं. आणि तो बासचा डबा सीटखालीच बसवा, तो चपटा आहे ना, तोच — डिकीत नको, डिकीत उद्याचे मासे आहेत, कार्प, टबातल्या पाण्यात. उद्या आमच्याकडे स्लावा, घराण्याच्या संताचा सण, आमचा संत निकोला. तुमचा कुठला संत? जॉर्ज? मग तुमचं बरं, वसंतात येतो, कोकरू चालतं. आमचा नेमका उपासात — मासे आणि शेंगदाण्याएवढीही चव नसलेली घेवड्याची भाजी. साडेचारला नोवी सादची बस येते, तिच्यात माझा धाकटा भाऊ आहे. मिलुतिन. अकरा वर्षांनी येतोय.

का म्हणजे? मी बोलावलं नाही म्हणून. अहो, पण तुम्हीही इथलेच, तुम्हीच सांगा, स्लावाला बोलावणं कोण धाडतं? कोणी धाडत नाही. मेणबत्ती पेटली, दार उघडं, ज्याला यायचं त्याने यावं, आणि बापाच्या घरच्या सणाला भावाला आमंत्रण? हे मी दर वर्षी म्हणायचो. बायको म्हणायची, एक फोन कर. मी म्हणायचो, जगात कोणी केलाय? दर वर्षी त्याचं ताट मांडायची आणि उचलायची. आणि गेल्या आठवड्यात त्याचाच फोन. म्हणतो, "राडोय्को, येऊ का?" स्वतःच्या बापाच्या घरी! म्हटलं, दाराला काय कुलूप लावलंय? झालं, फोन ठेवला.

भांडण? भांडण वगैरे काही नाही, त्याची चूक होती, एवढंच. आमचा बॅंड होता. दहा जण, पुढे मी, पहिली ट्रम्पेट, आणि मागे मिलुतिन — हेलिकॉन, ते अंगाभोवती गुंडाळायचं भलंमोठं पितळी, भों-भों करतं ते. स्पर्धेचा शेवटचा दिवस, बाबा पहिल्या रांगेत, छातीवर हात ठेवून. दुसऱ्या भागाआधी बास एकटा आठ ठोके चालतो आणि मग मी शिरतो. तर याचा बास घसरला. सगळे लटपटले, पहिलं बक्षीस गेलं, परीक्षकाने कागदावर लिहिलं — बास सुटला. मी नाही म्हणत, कागद म्हणतो. मग बसमध्ये चढताना मी बोललो. सगळ्यांसमोर, बाबांसमोर. की लोक ट्रम्पेट ऐकायला येतात, तुझी भों-भों कोण ऐकतं, तेवढीही तुला धड जमत नाही, उतर खाली. उतरला तो. ते वाद्य खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उलट एक शब्द बोलला नाही, म्हणजे चूक कबूलच केली ना? बाबा त्याच हिवाळ्यात गेले. तेव्हा आला होता, मागे उभा राहिला, गेला. आता नोवी सादला शहर बस चालवतो.

तर आता भाची कामाला लागली रेडिओत, तिने तिथल्या जुन्या रेकॉर्डिंगांतून आमचं स्पर्धेतलं ते वाजवणं शोधून फोनवर पाठवलं. मी म्हटलं, वा! स्टँडवरून गावापर्यंत चाळीस मिनिटं, गाडीत दोघंच, लावतो आणि म्हणतो, ऐक, ऐक स्वतःच्या कानांनी कुठे घसरलास. एकदा मान्य कर, मग ताटावर बस, मग मी काही म्हणणार नाही. पण या गाडीत वाजतं काय, मी! मी आणि मी आणि मी. तो कुठेच नाही. माणूस ऐकूच येत नाही तर त्याची चूक कशी दाखवू?

झालं? इतक्यात? लावा, लावा, फोन जोडलेलाच आहे... अरे, अरे. पाठीत लागतंय हो. हा तोच. हा मिल्याच — बघा फुंक कशी आहे, लहानपणी गायीच्या शिंगात अशीच फुंकायचा... थांबा, आता येईल, दुसरा भाग. मोजा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा —

मागे घ्या.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा — ही ट्रम्पेट. सहाव्यालाच, आठ व्हायच्या आत. ही ट्रम्पेट कोणाची? पुन्हा लावा. नाही, तुमचा डबा चुकत नाही, मला माहीत आहे, लावा पुन्हा... तो चाललाय सरळ. सातव्याला पाय टाकणार होता — आणि इथे, ऐकलंत? श्वास घेतला आणि उडी मारली. मी एकटा पडलो म्हणून दोन ठोके सोडून माझ्याखाली आला. घसरला नाही हो. मला धरायला आला. आणि बाबा समोर बसले होते म्हणून... म्हणून बसच्या दारातसुद्धा तो उलट काही...

बंद करा. काढा तो डबा. वायरी तोडा, जे करायचं ते करा, होती तशीच बरी होती ही गाडी. काढा म्हणतोय ना! नुसते बघत काय उभे राहिलात?

थांबा. कुठल्या सीटखाली बसवलात? पलीकडच्या. म्हणजे तो बसेल त्याच्या बरोबर खाली.

नका काढू. पाने-पकडी उचला तिथल्या, दार लावू द्या मला. आणि आवाज वाढवायचा खटका कुठला, तेवढं दाखवा — हा? बरं. आता व्हा बाजूला, मिस्त्री, बस यायची वेळ झाली.